पहिल्या टेबलावरचं दार

सकाळी सव्वादहाला मिस्त्रीने आपल्या मेहुण्याच्या डोक्यात लाकडी हातोडा घातला. त्याआधी एक घाव खांद्यावर आणि एक मनगटावर बसला होता. तिसरा कानाच्या वर बसला. मेहुणा भुशात पालथा पडला आणि कॉम्प्युटरचा कीबोर्ड वायरीला लोंबकळत राहिला.

भांडण एका दाराच्या चित्रावरून झालं.

वाचनालयाच्या मुख्य दारासाठी मिस्त्री नक्षी काढत होता. दोन फळ्या, दोन्हींवर मिळून एकच झाड, फांद्यांत पक्षी. कोरायचं काम यंत्र करणार होतं, पण यंत्राला चित्र कॉम्प्युटरमधून द्यावं लागतं. मिस्त्रीचा उजवा हात वर्षभर थरथरतोय. पटाशी धरली की रेघ फाटते. हे त्याने फक्त बायकोला सांगितलं होतं. कारखान्यात ते सगळ्यांना दिसत होतं. वाचनालयाची मंडळी त्याच दुपारी चित्र बघायला येणार होती. "हे दार गेलं तर मी सुतार राहिलो नाही," असं तो आदल्या संध्याकाळी बायकोला म्हणाला होता.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. इंजिनिअरिंग अर्धवट सोडलं म्हणून सगळे त्याला इंजिनिअरच म्हणतात. जुन्या कॉम्प्युटरने मान टाकली तेव्हा त्याने त्यात नवी प्रणाली घातली. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, फुकट.

"फुकट कोण काय देतं? वाळवी लागलेली फळी असणार," मिस्त्री म्हणाला होता.

पहिल्याच दिवशी त्याने माऊस भिंतीवर फेकून फोडला. पडद्यावरची खालची पट्टी वर गेली होती, ओळखीचं एकही चिन्ह जागेवर नव्हतं. दुसरा माऊस आला. तो हातात घेऊन मिस्त्री बायकोला म्हणाला, "तुझ्या भावाला सांग, होतं तसं करून दे. नाहीतर हा डबा त्याच्याच डोक्यात घालीन." हे वाक्य तो रोज बोलायचा आणि घरात त्यावर हसायचे. आता ते पोलिसांनी घेतलेल्या जबाबात आलं आहे.

इंजिनिअर नेटाने शिकवत राहिला. "भाऊजी, पडदा एकच, पण टेबलं चार. पहिल्यावर तुमचं चित्र, दुसऱ्यावर माझा पसारा. ही तीन बटणं एकदम दाबली की टेबल सरकतं."

"मला एकच टेबल पुरतं. माझ्या बापानेही एकावरच संसार केला."

"ताई, तू तरी शिक. यांचं डोकं सागवानी आहे."

ताई शिकली. चित्र कसं साठवायचं तेही शिकली. मिस्त्रीने मात्र साठवायला नकार दिला.

या कारखान्यात एक नियम आहे: अर्धवट काम टेबलावरून हलवायचं नाही. कपाटात जातं ते पूर्ण झालेलं. पॉलिशवाल्याने एकदा अर्धी रंधलेली फळी बाजूला ठेवली, तर मिस्त्रीने त्याचं बोट शिकंज्यात धरून दांडा फिरवला. ते बोट आजही वाकडं आहे. हाच नियम मिस्त्रीने कॉम्प्युटरला लावला. चित्र पूर्ण होईपर्यंत ते साठवायचं नाही, कॉम्प्युटर बंद करायचा नाही, कोणी हात लावायचा नाही.

त्या सकाळी इंजिनिअर लवकर आला. चित्राला हात नको म्हणून तो दुसऱ्या टेबलावर गेला, कोरीव यंत्राची माहिती वाचली, आपल्या खिडक्या मिटल्या आणि चहा ओतायला उठला. पडद्यावर नुसती निळी भिंत उरली. मिस्त्री तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

पुढचं पॉलिशवाल्याने सांगितलं.

"माझं दार कुठंय?"

"असेल की. दाराला काय पाय फुटतात?"

"पुसलंस तू."

"भाऊजी, मी हातसुद्धा लावला नाही. भलत्या टेबलावर असाल."

"अर्धवट काम हलवलंस!"

मिस्त्रीने त्याची कॉलर धरून त्याला यंत्रावर आदळलं. चहा दोघांच्या अंगावर सांडला. इंजिनिअरने सुटण्यासाठी कोपर मारलं. मिस्त्रीचा ओठ फाटला. तेवढ्यावर थांबलं असतं, असं पॉलिशवाल्याला वाटतं. पण इंजिनिअर ओरडला, "हात थरथरतो तुमचा! तुम्हीच दाबलं असेल काहीतरी!"

मिस्त्रीने शेजारचा हातोडा उचलला.

"तेव्हा हात थरथरला नाही," पॉलिशवाला म्हणाला.

आरडाओरडा ऐकून मिस्त्रीची बायको मागच्या स्वयंपाकघरातून धावत आली. तिने भावाचं डोकं मांडीवर घेतलं, पदर दाबून धरला, पॉलिशवाल्याला गाडी आणायला पिटाळलं. मिस्त्री हातोडा तसाच धरून उभा होता. "त्याने माझं दार पुसलं," तो पुन्हापुन्हा म्हणत होता.

तिने पडद्याकडे पाहिलं. रक्ताच्या हाताने लोंबणारा कीबोर्ड ओढला आणि तीन बटणं दाबली. निळी भिंत सरकली. झाड आलं, फांद्या आल्या, पक्षी आले. एकही रेघ कमी नव्हती.

"हे घे तुझं दार," ती म्हणाली.

मिस्त्री खाली बसला. पोलीस आले तेव्हा तो फक्त एवढंच बोलला: "ते बंद करू नका. साठवलेलं नाहीये."

वाचनालयाची मंडळी दुपारी फाटकावरूनच परत गेली. पोलिसांनी पंचनामा करून कारखान्याची किल्ली मिस्त्रीच्या बायकोकडे दिली. कोठडीतून मिस्त्रीने पॉलिशवाल्याजवळ दोनदा निरोप धाडला: तिला सांग, चित्र साठवून ठेव. पॉलिशवाल्याने तो तिला हॉस्पिटलच्या बाकावर पोचवला. तिने "ऐकलं" एवढंच उत्तर दिलं.

कारखान्याच्या गल्लीत खांबावर पाटी लागली आहे: लाइनच्या दुरुस्तीसाठी उद्या सकाळी नऊपासून वीज बंद.

हे लिहीपर्यंत इंजिनिअर शुद्धीवर आलेला नाही. कवटीतला रक्तस्राव थांबला का, ते पुढच्या तपासणीनंतर कळेल, असं डॉक्टर म्हणाले. कारखान्याला कुलूप आहे. आत कॉम्प्युटर चालू आहे. किल्ली बायकोच्या कमरेला आहे आणि ती बाकावरून उठलेली नाही.