तोंडात बोळा असताना

आमच्या आईला एक वाईट खोड आहे. पेशंटच्या तोंडात आरसा, बोळा, नळी सगळं कोंबून झालं की मग ती विचारते, "काय, घरचे कसे आहेत?" आणि गंमत म्हणजे तिला उत्तर कळतंसुद्धा. परवा पोस्टमास्तर काका जबडा वासून म्हणाले, "उआ एऊ?" आई म्हणाली, "उद्या नको, परवा या." इतकी वर्षं लोकांचे दात काढून तिने एवढी एक भाषा कमावली आहे.

सुट्टीत मी तिच्या दवाखान्यात थुंकी ओढणारी नळी धरते. फुकट. त्या दिवशी खुर्चीत माझा दादा होता आणि दादा सिगारेट ओढतो हे घरात फक्त मला माहीत होतं. कॉलेजात जाऊन हे दिवे लावले त्याने. "आईला सांगितलंस तर तुझं-माझं नातं संपलं," असा दम दिला होता. मी कुणाला सांगितलं नाही.

दाढ दुखते हे तो लपवणारच होता. पण जेवताना तो एकाच बाजूने चावतोय हे आईने पकडलं, मग कसली सुटका. तशी त्याची तयारी होती. घरी येण्याआधी कॉलेजजवळच्या एका डॉक्टरकडून त्याने दात चकचकीत करून घेतले होते. चोराच्या वाटा चोराला ठाऊक.

"बघ, किती स्वच्छ ठेवलेत," आई मला म्हणाली. "शीक जरा." मी रागाने नळी जरा जोरातच दाबली. दादाने डोळे वटारले.

मग आईचा आरसा त्याच्या डाव्या गालाच्या आत थांबला. तिने दिवा जवळ ओढला. मलाही दिसला, नखाएवढा पांढरा डाग. तिने तो कापडाने पुसून पाहिला. जात नव्हता. आई बोलायची थांबली, आणि मला मशिनचा आवाज ऐकू यायला लागला. एरवी तिच्या बडबडीत तो कधी येत नाही.

तिने सगळं बाहेर काढलं, मास्क खाली घेतला. "सिगारेट, तंबाखू, काही?"

"छे गं. मित्र ओढतात. मी नाही."

"खरं?"

"तुझी शपथ."

मला वाटलं, आईच्या जिवात जीव येईल. पण तिचा चेहरा पांढराफटक पडला. "सिगारेटचा असता तर ती सोडल्यावर बहुतेक गेला असता," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "काही कारण नसताना आलेला डाग चांगला नसतो. आजच तुकडा काढून तपासायला हवा."

दाढेत औषधाचा बोळा घालून, "तोंड मिटू नकोस," असं बजावून ती फोनकडे गेली. हातमोजे तसेच. एरवी ती मोजे काढल्याशिवाय दाराच्या कडीलाही हात लावत नाही. सर्जनचा नंबर तिने दोनदा चुकवला.

मी दादाच्या कानाशी वाकले. "सांग. नाहीतर मी सांगते. नातं गेलं खड्ड्यात."

तो आईच्या पाठीकडे बघत राहिला. फोनमधून कुणीतरी हॅलो म्हणालं.

"आई," दादा म्हणाला. "ई ओअओ."

आईने फोन खाली ठेवला. वळली. "रोज किती?"

दादाने दोन्ही हातांची बोटं पसरली. मग एक हात मिटून पुन्हा उघडला.

"बरं झालं," आई म्हणाली. आपण काय बोललो ते तिला कळलं आणि ती मटकन स्टुलावर बसली. रडायलाच लागली. मग उठून त्याच्या दंडावर एक सणसणीत चापट ठेवून दिली. "तुझी शपथ म्हणे. माझ्याच जिवावर खोटं बोलतोस?" दादाच्या डोळ्यांतूनही पाणी वाहत होतं, तोंड तसंच उघडं.

"आजपासून बंद. एकही नाही. दोन आठवड्यांनी बघू. गेला तर सुटलो."

"आणि नाही गेला तर?" मी विचारलं. इतके दिवस गप्प बसले होते, आता राहवेना.

आईने नवे मोजे चढवले, दिवा पुन्हा ओढला.

"आ कर मोठा," ती म्हणाली.

आरसा आत गेला. या वेळी तिने काहीच विचारलं नाही.