ढोल्या अजून उठला नव्हता

दवाखान्यात शेजारच्या टेबलावरचं मांजर भूल उतरून केव्हाच फिस्कारायला लागलं होतं. आणि ढोल्या? टॉवेलवर मेल्यासारखा पडलेला! ढोल्या म्हणजे धाकटीचा गिनीपिग. गालाखालची पुवाची गाठ काढायला आणलेला. काम चुटकीसरशी झालं, पण साहेब काही डोळे उघडेनात.

"झोपाळूच आहे तो," बाबा म्हणाले.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी ढोल्याचा ओठ बोटाने वर केला. हिरड्या लालभडक, सुजलेल्या. मागचे गुडघेही टम्म.

"याला खायला काय घालता?"

"सशाचं खाद्य," धाकटी म्हणाली. "दुकानदार म्हणाला, दोघांना एकच चालतं."

"आणि हिरवा पाला?"

"ढोल्या पाला घरभर करतो, मग आई ओरडते. म्हणून..."

बाईंनी ओठ हळूच खाली सोडला. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं!

"ससा क जीवनसत्त्व स्वतःच्या अंगातच तयार करतो, बाळा. याला ते जमत नाही. आपल्यालाही नाही. ते कमी पडलं, तर भुलीचं औषध अंगातून उतरायला वेळ लागू शकतो. तेच झालं असावं. खात्रीने नाही सांगत."

"पण तो उठेल ना?"

"बघू."



बाईंनी जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं, नाकाशी ऑक्सिजनची नळी धरली, कुशीला गरम पाण्याची पिशवी ठेवली. मग धाकटीचं बोट त्याच्या बरगड्यांवर टेकवलं. "श्वास थांबलासा वाटला तर हाक मार." आणि त्या मांजराकडे वळल्या.

धाकटी डोळेसुद्धा मिटेना. वर, खाली. वर, खाली. वर...

"बाई! थांबला! थांबला हो!"

बाई धावत आल्या, स्टेथोस्कोप लावून ऐकलं. "चालू आहे गं. तुझंच बोट थरथरतंय, म्हणून कळलं नाही."

"सरक, मी बोट ठेवतो," बाबा म्हणाले.

"अजिबात हात लावायचा नाही!"

बाबा मागे सरकले. किती वेळ गेला कोण जाणे. आधी मिशी हलली. मग मागच्या पायाला झटका बसला, आणि एक काळा डोळा अर्धवट उघडला.

"आला शुद्धीवर," बाई म्हणाल्या. "पण आज इथेच राहू दे. खायला लागेपर्यंत काही खरं नाही."

"चल, काढ आता बोट," बाबा हळूच म्हणाले.

"तुम्ही जा घरी. मी नाही काढणार."