आईच्या हातचं पाणी

शिवगंगाच्या मेसमध्ये रविवारी गावरान आंबे असले की क्लासची पोरं एकदम गुणी व्हायची. एरवी वरणात डाळ शोधणारी ही पोरं त्या दिवशी चुपचाप आंबे चोखायची आणि कोया मात्र अंगणभर फेकून पळायची. "डाक्टर व्हायला आलेत लातुरात, आन् कोय कुटं टाकावी ते कळंना," असं पुटपुटत शिवगंगा झाडायला लागली.

तिच्या कुत्र्यानं, गब्रूनं, तेवढ्यात एक कोय उचलली.

"टाक रे मेल्या!" ती खराटा घेऊन धावली. तिथंच चुकलं. खराटा बघून कुत्र्यानं तोंडचा घास जाईल या भीतीनं कोय घाईनं गिळली. ती घशातच बसली.

ना भुंकणं, ना खोकणं. पुढच्या पायांनी तो तोंड ओरबाडू लागला, डोळे बाहेर आले. शिवगंगानं खराटा टाकला. भूकंपानंतर ती पत्र्याच्या शेडात राहत होती, तेव्हा हे पिल्लू येऊन तिच्या पायाशी झोपलं होतं. नवरा आणि लेक एकाच पहाटे गेलेले. हाक मारली तर धावत यावं असं तिला आठ वर्षांत एवढं एकच उरलं होतं.

तिचा हात आपोआप तांब्याकडे गेला. जीव कासावीस झाला की तोंडात पाणी घालायचं, हे काय कुणी शिकवावं लागतं? पाच वर्षांच्या लेकीला, चंद्रप्रभाला, ढिगाऱ्यातून काढलं तेव्हाही तिनं हेच केलं होतं. पोरीचा श्वास चालू होता, तोंडात मात्र मातीच माती. शिवगंगानं तिला मांडीवर घेऊन तांब्या लावला. पोरीनं दोन आचके दिले आणि मान टाकली. बाया म्हणाल्या, पुण्यवान जीव, शेवटचं पाणी आईच्या हातचं मिळालं. त्या एका वाक्यावर शिवगंगानं आजवरचे दिवस काढले होते.

"पानी नका ओतू, ताई!" शेजारचा गादीवाला मकसूद कापसानं माखलेला तसाच कुंपणावरून आला. घरी दहा बकऱ्या पाळणारा माणूस, त्याला हे नवीन नव्हतं. त्यानं टॉवेलानं गब्रूचा जबडा फाकवून धरला. "दिसून राहिली कोय. तुमची बोटं बारीक हायत, बाजूनं घाला. आत ढकलू नका, पार बसंल."

तिच्या बोटांना दात लागले, रक्त आलं, पण बुळबुळीत कोय निसटली. मग मकसूदनं कुत्र्याचे मागचे पाय वर उचलले, डोकं खाली केलं, तरी काही नाही. शेवटी मागून मिठी मारून बरगड्यांच्या खाली मूठ रोवली आणि वर जोरात दाबलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा कोय जिभेवर आली आणि शिवगंगानं ती झटक्यात ओढून काढली.

गब्रूनं घरघरत श्वास घेतला. शिवगंगा त्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. वाचला, माझा वाचला!

"डॉक्टरला दाखवा बरं का, आतून सोललं असंल," मकसूद घाम पुसत म्हणाला.

"मकसूदभाई, पाणी वतलं असतं तर?"

"गेलाच असता की. वाट अडलेली, त्यात वरून पानी. जीव बुडतोय त्यात. आधी तोंड साफ करायचं."

तिनं तांब्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "माणसाचं पण तसंच का?"

"हाव. गळा तो गळाच, ताई." त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक? कोय कुंपणापलीकडे भिरकावून तो आपल्या कामाला गेला.

गब्रू लटपटत उठला, तांब्याला नाक लावलं आणि तिच्याकडे बघत शेपूट हलवली. रोज ती ओंजळीत धरून त्याला पाणी पाजायची. आज तिनं ताटलीत पाणी ओतलं, ती लांब सरकवली आणि हात पदराखाली घेतले.

"पी रे, तुझं तू पी," ती म्हणाली. "माझ्या हातचं नको."