सुतकातला रविवार

मी सुदेश, आंबिवलीजवळच्या आमच्या गावातल्या फुटबॉल क्लबचा वीस वर्षांपासूनचा सेक्रेटरी. क्लब म्हणजे एकच भावकी. अकराच्या अकरा पोरं चुलत भाऊ नाहीतर काका-पुतणे. माझ्या आज्याला गिरणीतल्या एका स्कॉटिश इंजिनियरने पहिला बॉल दिला, तिथून हे सुरू झालं. त्या साहेबाच्या लहानशा गावचा क्लब आमच्या कॅप्टनने, नयनने मला मोबाईलवर दाखवलेला. अख्खं गाव बघायला, आणि टीममध्ये कुठकुठची पोरं, काळी-गोरी. मी म्हणालो, यांच्याकडे घरची माणसं नसतील, म्हणून भरती करतात. घ्या, इतका मी शहाणा.

लीगचा नियम साधा आहे. एका सीझनमध्ये दोनदा टीम आली नाही की नाव कट. पहिल्यांदा आली नाही ती माझ्याच मुलीच्या, जागृतीच्या हळदीमुळे. सगळी टीम नवरीचे भाऊ, नाचून नाचून पाय गेलेले.

आणि शेवटच्या मॅचच्या तीन दिवस आधी गणूकाका गेला, क्लबचा सगळ्यात जुना खेळाडू. भावकीला दहा दिवस सुतक. सुतकात खेळ नाही, मैदानात पाय ठेवायचा नाही. तरी मी घरोघर फिरलो. नयन, काकाचा नातू, म्हणाला की सगुणाआजी घरात रडतेय, मी बॉलला लाथ कशी मारू. खरंच होतं. मला पण रडू येत होतं.

सात पोरं उभी राहिली तरी मॅच सुरू होते. मला धम्मपाल आठवला. गावाला लागून असलेल्या बुद्धवाड्यातला, एक नंबर गोलकीपर. तीन वर्षांपूर्वी दोस्तांना घेऊन तो खेळायला आलेला. "आपले रगताचा नाय तो," गणूकाका बोललेला. नकार द्यायला मीच गेलेलो. आमच्यात बाहेरचा चालत नाही रे, असं हसत सांगून आलेलो.

आता त्याच्याच दारात गेलो. त्याच्या आईने खुर्ची दिली, चहा दिला. तो शांतपणे म्हणाला की त्याने आणि दोस्तांनी कल्याणच्या क्लबला सही केलीय, रविवारी तेच तुमच्या समोर आहेत. अडला हरी ही म्हण आठवली. त्यातलं गाढव कोण, ते मला बरोबर कळत होतं.

रविवारी मी कुंपणाबाहेर उभा राहिलो. रेफ्री घड्याळ बघत पंधरा मिनिटं थांबला. मैदानात एकच टीम, आणि मी उभा होतो त्या बाजूच्या गोलात धम्मपाल. शिट्टी वाजली. साठ वर्षांचा क्लब संपला, आणि मी तिथेच सगळ्यांसमोर रडलो.

धम्मपाल ग्लोव्ह्ज काढत माझ्याकडे आला. त्याने हात पुढे केला. माझा हात आपोआप मागे गेला. सुतकात दुसऱ्याला शिवत नाहीत, लहानपणापासूनची सवय.

"सुतक आहे रे," मी म्हणालो.

त्याने आपल्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"माहितीय, काका. तुमच्याकडे ते नेहमीच असतं."

तो त्याच्या पोरांत निघून गेला. दहावा झाला की जाऊन त्याचा हात धरीन, असं मी तेव्हा ठरवलेलं. दहावा होऊन महिना झाला. त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत दोनदा जाऊन परत आलोय.