भरतीचं मैदान

रूपालीनं संडासातून बाहेर येऊन कडी लावायला हात उचलला, पण तो कोपरात वाकेना. दंड सुजून टरटरले होते. त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. भीती वाटली ती आत पाहिलेल्या लघवीच्या रंगाची. काळ्या चहासारखा रंग होता.

"दादा, गाडी काढ," ती भावाला एवढंच म्हणाली.

राजपालनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता मोटरसायकलला किक मारली. चिटगुप्प्याहून बिदरपर्यंत ती त्याच्या पाठीवर रेलून बसली होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं. "काय केलंस?"

पोलीस भरतीची तयारी. निवृत्त फौजी गुंडेराव गावाबाहेरच्या मैदानावर मुलींकडून ती करून घेत. ट्रॅक्टरचा टायर उलटायचा, लगेच वाळूचं पोतं खांद्यावर घेऊन पळायचं, लगेच दोर ओढायचा. मध्ये दम खायचा नाही. तापातून उठलेली रूपाली परवा पुन्हा गेली आणि भर उन्हात सगळ्यांच्या बरोबरीनं राबली.

"आजारातून उठून एकदम एवढं? स्नायू फुटून रक्तात उतरलेत. मूत्रपिंडाला ते गाळणं झेपेना झालंय." बाईंनी सलाईनचा वेग वाढवला. "सवय नसलेलं आणखी कुणी होतं तिथं?"

रूपालीनं राजपालकडं वळून पाहिलं. मंगल. परवा तिचा पहिलाच दिवस होता.

राजपालनं फोन लावला. मंगलची आई म्हणाली, "मैदानावर गेली की. हात हलंना झालेत, तरी गेली. घरी बसले तर रूपाली हसंल म्हणाली."

राजपाल तसाच परत निघाला. रूपाली छताकडं बघत पडून राहिली. सलाईन संपत आलं तेव्हा फोन वाजला. नर्सनं तो तिच्या कानाला लावून धरला.

"न्हाई म्हणायलीय," राजपाल म्हणाला. "जागा थोड्या हायेत, तू पडलीस म्हणून मला कामून मागं ओढायलीस, असं इचारायलीय."

"तिला दे फोन."

धापा ऐकू आल्या. मैदानावर कितीदा पडली, गुडघे फुटले, तरी 'भ्या' हा शब्द रूपालीनं कधी ओठांवर येऊ दिला नव्हता.

"मंगल, मला लई भ्या वाटायलंय. एकटीच हाय मी इथं. ये."

 तिकडं वाळूचं पोतं धपकन मातीवर पडल्याचा आवाज आला.

"राजपालदादा," मंगलचा आवाज लांबून आला, "मला गाडीवर चढता येईना. धरा जरा."