शेगडीखालचं पिवळं दार

स्वयंपाकघरं बसवणाऱ्या मिस्त्रीच्या डोक्यात गिऱ्हाइकांची पक्की मोजदाद होती, आणि ती तो सगळ्यांना ऐकवायचा. नमुन्याच्या पट्ट्या चाळताना दहा जण भडक रंगावर बोट ठेवतात. त्यातले आठ चार दिवसांत फोन करून मोतिया रंगावर येतात, नववा साडूचं मत घेऊन येतो, आणि दहावा टिकतो तो बायकोशी पैज लागलेली असते म्हणून. त्यामुळे शिवणकाम करणाऱ्या काकूंनी एक दार लालभडक, एक पिवळंजर्द, एक गडद निळं, वर काळा ओटा आणि शेगडीमागे तांब्याचा पत्रा असं सांगितलं, तेव्हा त्याने ते वहीत पेन्सिलीने लिहिलं.

"पेनानं लिहा," काकू म्हणाल्या. "आम्ही फोन करणाऱ्यातल्या नाही."

"काकू, स्वयंपाकघर करायचंय की सर्कशीचा तंबू?"

"तंबूच समजा. निदान हत्ती तरी दिसेल."

काका, म्हणजे त्यांचे मिस्टर, जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, मिस्त्रीला जिन्यापर्यंत सोडायला आले तेव्हा बोलले. काकूंची नजर जात चालली होती. पांढऱ्या ओट्यावरचा पांढरा कप त्यांना दिसेना. मागच्या महिन्यात उकळतं दूध कपात न ओतता स्वतःच्या हातावर ओतलं होतं.

"गडदावर उजळ काही असलं की अजून दिसतं तिला. डॉक्टर म्हणतात, वर्षभर तरी निघेल. तेवढं वर्ष तिला तिच्या ओट्याशी उभं राहायचंय. आणि रंग बघून घ्यायचेत, पोटभर."

जिना उतरता उतरता मिस्त्रीने पेन्सिलीवरून पेन फिरवलं.

काम त्याने जीव ओतून केलं, आणि तिथेच घोडं अडलं. दारांवर कारखान्यातून प्लास्टिकचा दुधट पापुद्रा चिकटून येतो. शेवटचं भोक पाडून झाल्याशिवाय तो सोलायचा नाही, हा त्याचा नेम. फार मागे एका दारावर ओरखडा गेला होता, तेव्हापासूनचा. दारं लागली, ओटा बसला, पण तांब्याचा पत्रा आला तो कोपऱ्यात पोचा घेऊन. दुसऱ्या कुणी तो डब्यांच्या आड खपवला असता. याने परत पाठवला. नवा यायला तीन आठवडे.

काकू रोज भिंतीला बोटं लावत यायच्या आणि दारांसमोर उभ्या राहायच्या. पापुद्र्याआड तिन्ही रंग त्यांना सारखेच, धुक्यात बुडालेले.

"मिस्त्री, एक तरी सोला की."

"पत्रा लागू दे, काकू. भोकं पाडताना ओरखडा गेला तर माझंच नाक कापलं जाईल. तीन आठवड्यांत रंग काय पळून जाणारेत?"

काकू हसल्या. "मीही चाळीस वर्षं हेच सांगत आले. काजं-बटणं झाल्याखेरीज अंगाला लावून बघायचं नाही. भोगते आता."

काका तेवढे हसले नाहीत.

पत्रा आला, आरशासारखा. मिस्त्रीने तो बसवला, हात पुसले आणि हाक मारली, "या काकू, सोलायचा मान तुमचा!"

काकांनी त्यांना हाताला धरून आणलं. हे नवीन होतं. मिस्त्रीच्या नजरेला नजर न देता काका म्हणाले, "मंगळवारी सकाळी उठली, तर अंधार. नुसता अंधार."

वर्षाचा हिशेब डॉक्टरांचा चुकला होता. पण तीन आठवडे मिस्त्रीचे होते.

काकूंनी चाचपून कोपरा शोधला, नखाने उचकटला आणि पापुद्रा एका दमात ओढला, जुनी शिवण उसवावी तसा. मग दुसरा. मग तिसरा. निळा, पिवळा, लाल असे झळाळून उठले की काकांनी चष्मा काढून हातात घेतला. काळ्या ओट्यावर त्यांनी सकाळीच एक पांढरा कप ठेवला होता.

काकू दोन पावलं मागे सरल्या, जिथून माणसं स्वयंपाकघर बघतात तिथे.

"शेगडीखालचं पिवळं," त्या म्हणाल्या. "काय उजळलंय हो!"

शेगडीखालचं दार लाल होतं. पिवळं त्याच्या शेजारी. काकूंनीच तसं बोट ठेवून सांगितलं होतं, तीन महिन्यांपूर्वी.

"उजळलंय," मिस्त्री म्हणाला. "फारच उजळलंय, काकू."

काका त्यांना बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसवायला घेऊन गेले. मिस्त्री उकिडवा बसला आणि त्याने पेचकस काढला. दोन्ही दारं एकाच मापाची, हे त्याला मोजून बघायला नको होतं.

"आता काय उघडताय?" बाहेरून काकूंचा आवाज आला.

"बिजागरी जरा घट्ट करतोय."

पहिला स्क्रू निघून फरशीवर टणकन पडला.

"मिस्त्री, पिवळं चुकलं का हो माझं?"



"तुमचं नाही, काकू. माझं चुकलं," तो म्हणाला, आणि त्याने लाल दार उतरवून भिंतीला टेकवलं.