ताईसाठी भिडू
ताईला दिसत नसे, पण बुद्धिबळात तिच्यापुढे धाकट्या बहिणीची, चिमीची, कधी डाळ शिजली नाही. पट खास होता: प्रत्येक घराला भोक, मोहऱ्यांना खाली खुंटी, काळ्यांच्या डोक्यावर टाचणीएवढा उंचवटा. ताई बोटांनी पट चाचपत बसायची आणि शांतपणे चिमीचा वजीर उचलायची.

चिमीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. "जा म्हणजे जा, माझं मी बघते," असं ताईनंच बजावलं. प्रश्न उरला रोजच्या डावाचा. फोनवरचा बोलका खेळ ताईनं लगेच बंद केला. "त्याचेही मोहरे मीच हलवायचे? म्हणजे आपणच वाढायचं नि आपणच आग्रह करायचा!"

चिमी प्रिंटर दुरुस्त करायची. मोटारी, पट्टे, दातेरी चाकं हा तिच्या हातचा मळ. "मोहरे हलवणारा हातच करते," म्हणाली. जेवणाच्या टेबलावर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा हात उभा राहिला. ताईनं आपली खेळी तोंडानं सांगायची. उत्तर संगणक शोधणार, मोहरा हा हात हलवणार.

पहिल्याच खेळीला हातानं घोड्याबरोबर अख्खा पट उचलला. खुंट्या भोकांत घट्ट बसल्या होत्या. चिमीनं एकेक भोक कानशीनं घासून सैल केलं. मग हात ताईच्या बोटावर आदळला. नख काळंनिळं झालं. "नको बाई हा राक्षस!"

चिमीनं भोंगा बसवला. हात हलण्याआधी तो वाजायचा आणि ताई दर वेळी दचकायची. जायचा दिवस तोंडावर आला, तशी चिमी हिरमुसली. शेवटी ताईच म्हणाली, "मला त्याच्यावर हात ठेवून बघू दे."

"अगं, लागेल!"

"मग हळू चालव की त्याला."

चिमीनं मोटारींचा जोर इतका कमी केला, की जरा अडवलं तरी हात जागीच थांबावा. ताईनं त्याच्या मनगटावर तळवा ठेवला. हात वाकला, उंट उचलून तिरका निघाला, आणि ताईचा तळवा त्याच्यासोबत पटभर गेला.

"असा येतो होय हा!" ती म्हणाली.

चिमी बघतच राहिली. इतकी वर्षं ती खेळी करून नुसतं घर सांगत आली होती. मोहरा तिथवर जातो कसा, हे ताईला जाणून घ्यावंसं वाटत असेल, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

त्यानंतर ताई जिंकतच सुटली. चिमीला शंका आली. एकदा कामावरून येताना तिनं दारातूनच पाहिलं: हात मात द्यायला निघालेला, आणि ताईनं त्याचं मनगट गच्च धरलेलं. वाट अडली म्हणून संगणकानं ती खेळी सोडून भलतीच केली.

"ताई! लबाडी?"

"त्यालाच पुढे जायचं नव्हतं," ताई म्हणाली, पण तिचे कान लाल झाले होते.

जोर वाढवावा तर पुन्हा बोटं चेचणार. चिमीनं भोंगा काढून टाकला आणि त्या जागी, हात अडला की ऐकू येईल असा, आपला आवाज भरून ठेवला.

नव्या खोलीत सामान लावता लावता तिनं घरी फोन केला.

"डाव कसा चाललाय?"

"मस्त. मीच वरचढ आहे," ताई म्हणाली. तेवढ्यात मागून चिमीचाच आवाज आला: "ताई, हात सोड."

दोघी एकदमच हसल्या.

"सोडते गं बाई, सोडते," ताई म्हणाली. तो डाव ती हरली. फोन कानाशी तसाच धरून तिनं दुसरा मांडायला घेतला.